रखमाजी हवालदार मोडकें ठाणें पाहावयास गेले त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन करोन, घडलें तेवढेंच लिहिलें असे. सज्जनीं कान द्यावा. शके एकोणीसशें एकवीस, प्रमाथीनाम संवत्सरे, माघमासीं, कोणे एके राज्यीं रखमाजी हवालदार म्हणोन वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणीं शेजारील राज्याशीं युद्ध पडिलें, तेव्हां डोंगरावरील सेनेच्या मुख्य ठाण्यांत टेलिफोनची तुटली तार जोडावयाचें काम त्यांजकडे होतें. पुढें तह जाहला आणि ठाणें ओस पडिलें आणि म्हातारपणीं हवालदारांस विस्मरण जडिलें. मग त्यांनीं हट्ट धरिला कीं, "ती जागा एकदां पाहीन." तेव्हां कन्या तानूबाई, शाळेंत मास्तरीण, यांनीं रजा टाकिली आणि थर्मासांत चहा भरिला आणि बापास घेवोन डोंगर चढल्या.

वर पाहतात तों भिंती ढासळल्या, छपरें गेलीं, जिकडे तिकडे घाणेरीचीं काटेरी झुडपें माजलेलीं. हवालदार एका चौथऱ्यावर उभे राहोन बोलिले, "हीच आमची खोली." मग पुढें जावोन बोलिले, "ही नव्हे, ती." मग तिसरीकडे आणि मग पुन्हा पहिलीकडे, आणि बाईंचा पदर काट्यांत फाटला आणि चपलेचा अंगठा तुटला आणि ऊन माथ्यावर आलें.

बाई म्हणाल्या, "बाबा, पुरे झालं. खाली चला."

"थांब गं, इथं फणस होता. त्याच्यावरून तार नेली होती."

फणस कोठेंच दिसेना. मग बाईंचा धीर सुटला आणि त्या कडाडल्या, "कसला फणस आणि कसली तार! तुम्ही इथं होतात तरी का कधी?"

हवालदार मटकन दगडावर बसले आणि हळूच पुसते जाहले, "नव्हतो का गं मी?" त्यांस खरोखरच ठाऊक नव्हतें. बाईंस बोलिल्याचा पस्तावा जाहला. परंतु तोंडचा शब्द परत कैसा घ्यावा?

इतक्यांत भिंतीआडोन दुसरे एक म्हातारे काठी टेकीत आले. हे हैबतजी, पलीकडील राज्याचे गोलंदाज. समोरील डोंगरावरोन याच ठाण्यावर त्यांनीं तोफा डागिल्या होत्या, आणि आतां सरहद्द खुली जाहली म्हणोन पाहावयास आले होते. बाईंचें ओरडणें त्यांनीं ऐकिलें होतें.

ते बोलिले, "फणस होता, बाई. दुर्बिणीतून रोज पाहायचो. शेवटी आम्हीच पाडला. आणि त्या तारेनं तर आमचा जीव नकोसा केला! सकाळी तोडावी, तर दुपारी पुन्हा जोडलेली. एक लुकडा माणूस लंगडत यायचा आणि गोळे पडत असताना जोडून जायचा. काय शिव्या घातल्या आम्ही त्याला!"

हवालदार ताडकन उठले. "लंगडत नव्हतो! बूट चावत होता!"

गोलंदाज पाहतच राहिले. "तो तू? मग मेला कसा नाहीस?"

"तुमचा नेम कुठं धड होता!"

मग दोघे कडाकडा भांडों लागले, आणि भांडतां भांडतां एकमेकांचे हात धरिले, ते सोडीनात. तानूबाई चहा ओतोन उभ्या राहिल्या, घेतो कोण? "अहो, गार होतोय!" ऐसें त्या दोघांवरही खेकसल्या आणि फाटक्या पदरानें डोळे पुसले.

एवंच, रखमाजी हवालदार युद्धकाळीं त्या ठाण्यांत होते, हें शत्रूच्या मुखें शाबीत जाहलें. खोली कोणती, तें मात्र सांजेपर्यंत भांडोनही ठरलें नाहीं.