जिथं आपलं कुणी नाही

लग्नाला सोळा वर्षं झाली तेव्हा सविताने नवऱ्याकडे सोन्याचं काही मागितलं नाही, सहल मागितली. तिसगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या सुनीलला हे सोन्यापेक्षा स्वस्त वाटलं आणि तो लगेच हो म्हणाला. अट त्याने नंतर ऐकली.

"असं ठिकान पाहिजे," सविता म्हणाली, "जिथं आपलं कुनी न्हाई. सोळा वर्सांत मी अर्धा जिल्हा फिरले, पन कशाला? साखरपुडा, लगीन, बारसं, दहावा. जाईल तिथं चहा, आन् चहा संपला की 'वैनी, जरा भाकरीला हात लावा.' मला येक दिवस असा पाहिजे की कुनी मला चहाबी इचारायचा न्हाई."

सुनील डोकं खाजवू लागला. त्याच्या आईला, म्हणजे मालनबाईंना, माहेरची सात भावंडं आणि सासरचे नऊ दीर-नणंदा. त्यांच्या लेकीसुना मोहरी सांडावी तशा जिल्हाभर सांडलेल्या.

"शिंगणापूर?"

"तिथं धाकट्या आत्या."

"घोडेगाव?"

"बैलबाजारात तुमचा येकतरी मावसभाऊ भेटल्याबिगर ऱ्हातो का?"

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या मालनबाई मान वर न करता म्हणाल्या, "रेहेकुरीला न्हे की तिला. काळविटाचं अभयारन्य हाय म्हनं तिकडं कर्जतच्या बाजूला. काळविटात आपलं कोन असनार?"

सासू आपल्या बाजूने बोलली हे ऐकून सविताला भरून आलं. तिने त्या भरात सासूलाही सहलीला न्यायचं ठरवून टाकलं.

बेत असा होता. रविवारी सकाळी निघायचं, नगरच्या अलीकडे चांदबिबी महाल बघायचा, मग मिरजगाव-कर्जत करत दोनपर्यंत रेहेकुरी. अभयारण्याचं फाटक सहाला बंद होतं, म्हणजे चार तास काळविटंच काळविटं. कुणाच्या दारात जेवायला बसायची वेळ येऊ नये म्हणून सविताने दशम्या, ठेचा आणि पाण्याचा वीस लिटरचा जारही घेतला. तीन महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी गाडी सुनीलने दोनदा धुतली. आठवीतली दिशा मोबाईल चार्ज करून बसली. मालनबाईंनी एक कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि ती डिकीत ठेवू दिली नाही.

चांदबिबी महालाचं नाव चांदबिबीचं आणि आत झोपलेला सलाबतखान. नगरकरांनी एकदा नाव ठेवलं की मुडदा उठून सांगायला आला तरी ते बदलत नाहीत. डोंगरावरच्या त्या आठकोनी दगडी इमारतीपुढे सविताने छाती भरून श्वास घेतला. वारा होता, खाली सगळं नगर पसरलं होतं आणि ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. ती खुशीत जिना चढून वरच्या मजल्यावर गेली, तर कमानीत एक गृहस्थ संत्रं सोलत बसले होते.

"आरं, सुनील! वैनीबी? या या!"

हे गोरक्षनाथ, मालनबाईंच्या पुतणीचे दीर. मुक्काम नगर.

"कुनाकडं निगाला?" संत्र्याची फोड पुढे करत गोरक्षनाथांनी विचारलं.

"कुनाकडंच न्हाई."

गोरक्षनाथांचा हात थांबला. "म्हंजे? गाडी हाय, समदी मानसं हायती, सनवार हाय, आन् कुनाकडंच न्हाई? भांडनं झाली का काय घरात?"

"न्हाई हो. रेहेकुरीला निगालोय, हरनं बगायला."

"असं सांग की! मग सूर्यभानमामाकडंच. गावातलं घर पोराला देऊन ते आता मळ्यात ऱ्हायला आलेत. अभयारन्याच्या फाटकाच्या अलीकडं, डांबरीलाच वस्ती हाय."

सुनीलचा चेहरा उतरला. सूर्यभानमामा म्हणजे मालनबाईंचे सख्खे थोरले भाऊ. चार वर्षांपूर्वी सुनीलच्या बहिणीच्या, मोनिकाच्या लग्नात ऐनवेळी फेटे कमी पडले आणि ज्याचा पहिला मान त्या मामाच्याच डोक्याला फेटा मिळाला नाही. कुणीतरी घाईत त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "मी मामा हाय का वाढपी?" एवढं बोलून मामा न जेवता गेले, ते गेलेच. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"मामाच्या दारावरनं जायचं न्हाई," जिना उतरताना सविता म्हणाली. "सहलीच्या दिवशी भांडन नको."

"मला तरी कुटं हौस हाय?" सुनील म्हणाला.

मालनबाई त्या वेळी वरची घुमटी निरखण्यात गुंग होत्या.

गोरक्षनाथ मनाने फार चांगले. ही माणसं कुणाकडेच जात नाहीत हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी तिथेच बसून सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक घरी फोन केला आणि गाडीचा नंबरही सांगितला.

नगर सोडून पंधरा किलोमीटर झाले नाहीत, तोच रस्त्याच्या मधोमध सुनीलची चुलतबहीण रेश्मा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. सुनीलने ब्रेक दाबला. दाबला नसता तर नात्यात अपघात झाला असता.

"संक्रांत झाली, रथसप्तमी व्हायचीय, आन् दारावरनं तशीच जाशील व्हय वैनी?"

"आमाला उशीर होतोय गं."

"चहाचा येकच घोट!"

हा घोट पाऊण तास चालला. सविताला वाण म्हणून प्लॅस्टिकचं टोपलं मिळालं, आणि रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून रेश्माच्या नवऱ्याने डिकीत कांद्याची गोणी टाकली. पुढच्या दोन गावांत चार घरं उभी होती. तिथे चार चहा, दोन गाळण्या, एक डांगर आणि बाजरीचं बाचकं. डिकी लागेना, म्हणून बाचकं मालनबाईंच्या पायाशी आलं. दशम्या तशाच डब्यात राहिल्या, कारण प्रत्येक घरी पोहे होते.

मिरजगावच्या पुढे गनीभाई रस्त्यातच खुर्ची टाकून बसले होते. गनीभाई नात्याचे नव्हते, ही सविताची शेवटची आशा. पण मालनबाई त्यांना तीस वर्षं राखी बांधत होत्या, आणि हे नातं बाकीच्यांपेक्षा पक्कं होतं.

"तुमच्या जहिराभाभीनं चूल पेटवलीय. जेवल्याबिगर जायचं न्हाई," गनीभाई म्हणाले.

"भाईजान, हात जोडते," सविता खरंच हात जोडून म्हणाली. "फाटक बंद होईल."

गनीभाईंना त्यात रडू दिसलं असावं. ते आत गेले आणि पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा घेऊन आले. "बरं, थांबू नगा. घरी जाऊन खावा."

"आवो, जित्ता कोंबडा गाडीत?"

"घे गं," मालनबाई मागून म्हणाल्या. "भावाचं हाय, न्हाई म्हनू न्हाई."

कोंबडा दिशाच्या मांडीवर बसला. दिशाने त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला: 'अभयारण्य सहल. पहिला प्राणी दिसला.'

कर्जत मागे पडलं तेव्हा सव्वाचार वाजले होते. पाच चहा झाले होते. सविता काचेबाहेर बघत बसली होती आणि तिचा आवाज बारीक झाला होता. "मला काळवीट बगायचंय. कळप नसंल तर येकच. पाठमोरं असलं तरी चालंल."

आता काहीही झालं तरी हिला काळवीट दाखवायचंच, असं सुनीलने ठरवलं. डांबरी रस्त्याला मामांची वस्ती, म्हणून त्याने गाडी ओढ्यातल्या बैलगाडीवाटेला घातली. एरवी गाडी गेलीही असती. पण कांदे, बाजरी, डांगर आणि वीस लिटर पाणी घेऊन ती वाळूत बसली ती बसलीच.

मग सगळं उतरवावं लागलं. सविताने पदर खोचला आणि मागून जोर लावला. मालनबाई बाचक्यावर बसून "अजून जरा, अजून जरा" म्हणत राहिल्या. गाडी निघाली, तोच कोंबड्याच्या पायाची दोरी सुटली. आता ज्या बाईला आयुष्यात एक दिवस कुणाच्याही घरचं काम नको होतं, ती गनीभाईंच्या कोंबड्यामागे ओढाभर पळत होती. कोंबडा तिने धरला, पण चपलेचा अंगठा तुटला. सगळं पुन्हा भरून अभयारण्याच्या फाटकापाशी पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

फाटकावर श्रीमंत नावाचा किडकिडीत रखवालदार होता. त्याने गाडीत डोकावून पाहिलं.

"कोंबडा आत जात न्हाई."

"मग तुमी धरा. कायमचा ठिवा," सविता म्हणाली. "आमाला आत सोडा."

"सोडतो की. पन आत जाऊन करता काय, ताई? आत्ता आत येक बी न्हाई."

"येक बी?"

"आवो, हरभऱ्याला घाटं आलेत. उन्हं कलली की समदा कळप रानात जातो. हितनं मागं अर्ध्या किलोमीटरवर. बसून बगा, चाळीस-पन्नास दिसत्याल. पन त्यो तात्या लई तिरसट. परक्या मानसाला बांधावर उभं करीत न्हाई." श्रीमंतने आवाज खाली आणला. "सूर्यभान तात्या. कुनाची वळख हाय का त्यांच्याशी?"

सुनील स्टिअरिंगकडे बघू लागला. दिशा आईकडे बघू लागली. कोंबडा तेवढा आरवला.

सविताने तुटकी चप्पल पायातून काढली, पदर सारखा केला आणि ताठ मानेने म्हणाली, "वळख म्हंजे? सख्खे मामेसासरे हायेत आमचे."

वस्तीवर सूर्यभानमामा अंगणात बाजेवर बसले होते. गाडी बघितली तशी त्यांनी तोंड विहिरीकडे फिरवलं.

"वाट चुकली वाटतं," ते विहिरीला म्हणाले.

"चुकली हुती," सविता अनवाणीच पुढे झाली. रेश्माकडचा तिळगूळ तिने पदरातून काढला. "मामा, तिळगूळ घ्या, गोड बोला."

"गोड बोलायला डोक्यावर कायतरी लागतं."

तेवढ्यात मालनबाई बाचक्यावरून पाय काढत, एका हाताने दार धरत गाडीतून उतरल्या. त्यांनी मांडीवरची ती कापडी पिशवी उघडली. आतून घडी घातलेला केशरी फेटा निघाला.

"दादा, आता तू बांधतोस का मी बांधू?"

मामांनी मान वळवली. फेट्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"कवा आनला हुतास?" सुनीलने विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिशी," मालनबाई म्हणाल्या. "चार वरीस पेटीत हाय. मला हिकडं आनतं कोन? तुमाला फुरसत न्हाई, आन् ह्या दादाला अक्कल न्हाई."

मामांनी डोकं पुढे केलं. मालनबाईंनी बांधलेला फेटा जरा वाकडा बसला. मामांनी तो सरळ केला नाही.

सविताच्या डोक्यात आता उजेड पडला. "आत्याबाई," ती सावकाश म्हणाली, "काळविटात आपलं कोन असनार, असं तुमीच म्हनला हुतात ना?"

"मग?" मालनबाई शेवटचा पीळ खोचत म्हणाल्या. "काळविटात हाय का कुनी?"

सविताला राग यायला हवा होता. पण त्याच वेळी मामा एकदम उठले आणि दाराशी ठेवलेला रिकामा डबा आणि काठी उचलून मागच्या रानाकडे धावले. सविता त्यांच्या मागोमाग गेली आणि बांधावर जागच्या जागी उभी राहिली.

हिरव्यागार हरभऱ्यात काळविटं चरत होती. माद्या पिवळसर, पाडसं त्यांच्या पायांत, आणि मधे एक काळाभोर नर, पिळाची शिंगं मागे टाकून थेट तिच्याकडे बघत उभा. अवघी वीस पावलं मधे असतील.

मामांनी डबा वाजवायला काठी उचलली.

"नका मामा!" सविता कुजबुजली.

"आवो सूनबाई, माझा हरभरा खात्यात ती!"

"येक दिवस खाऊ द्या. माझ्यासाठी."

मामांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि काठी खाली ठेवली. "खा म्हनावं. सांगून येत न्हाईत, चहा घेत न्हाईत, जाताना रामराम करीत न्हाईत. तरी पाव्हनंच की."

मामींनी बांधावर बाज आणून टाकली आणि सहावा चहा सविताच्या हातात दिला. भाकरी थापायला तिला कुणी बोलावलं नाही. मामींनी तिला उठूच दिलं नाही. अंधार होईपर्यंत ती बसून राहिली. दिशाने सेहेचाळीस मोजली, सविताने एकोणपन्नास. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि चहाही चांगला झाला होता.

पुढे आठ दिवसांनी रात्री जेवताना सुनील म्हणाला, "पुढच्या वरसाला भंडारदऱ्याला जाऊ. तिकडं डोंगरात आपलं कुनीच न्हाई. मी चौकशी केलीय."

सविताचा घास हातातच राहिला. "कुनीच न्हाई? मग तिथं आपल्याला दाखवनार कोन, आन् काय?"

"कोन म्हनतं कुनी न्हाई?" आतून मालनबाईंचा आवाज आला. "भंडारदऱ्याच्या वाटंवरच, अकोल्यात माझ्या आतेभनीची नात दिलीय."

सविता उष्ट्या हातानेच उठली आणि कॅलेंडरच्या मागे तिचा नंबर लिहून घेतला.