तुरटीचं तोंड

बाबा गेल्याच्या नवव्या दिवशी, ऐन प्रार्थनेत, चाळीस माणसांची तोंडं एकदम आवळली गेली. असं काही घडलेलंच नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय. आमच्या गावात कुणालाही विचारा, कुणी तोंड उघडणार नाही.

तर, बाबा, म्हणजे सेनोबियो रंगारी, गेले तेव्हा मागावरच्या गालिच्याची चार बोटं लाल किनार विणायची राहिली होती. आई म्हणाली, "एवढी झाली असती, तर नवव्याला त्यांच्याच हातचा गालिचा अंथरला असता."

"होईल की! लाल मी करतो!"

ओआहाकाच्या आमच्या खोऱ्यात लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा. पण लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळावी लागते, नाहीतर रंग पाहुण्यासारखा येतो आणि पाणी लागलं की निघून जातो. फडताळात पांढऱ्या भुकटीचे दोन डबे. एक तुरटीचा, एक साखरेचा. चिठ्ठ्या नाहीत. चिठ्ठी म्हणजे बाबांची जीभ! रोज सकाळी चिमूटभर तोंडात टाकायचे, ओठांचा चंबू व्हायचा, एक डोळा मिटायचा. मग म्हणायचे, "हीच." चुलीपाशी आई म्हणायची, "बरं." मग तीच तुरटी लोकरीला, पिंपातल्या गढूळ पाण्याला, दाढीत कापलेल्या गालाला आणि आईच्या मिरच्यांच्या लोणच्याला, कुरकुरीत राहावं म्हणून.

मी चाखली नाही. रंगाऱ्याचा मुलगा मी, मला नजरेनं कळतं!

लाल झकास उतरला. किनार विणून झाली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मुंग्या!

"गोड माणूस होता गं," ओदिलियामावशी डोळे पुसत आईला म्हणाली. "मुंग्यासुद्धा भेटायला आल्या."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बाबा अजिबात गोड नव्हते.

नवव्याला मावशीनं दुसरा डबा, साखरेचा समजून, गरम चॉकलेटच्या पातेल्यात उपडा केला. प्रार्थना सांगणाऱ्या लिब्रादोकाकांनी घोट घेतला, "हे स्वर्गातल्या" म्हणायला गेले आणि शिट्टी वाजली! मागोमाग चाळीस शिट्ट्या! कुणाचं तरी चॉकलेट फुर्रकन गालिच्यावर उडालं. मावशी ओलं फडकं घेऊन धावली. फडकं लाल झालं. किनार पांढरी.

"एलादियो, मेल्या," मावशी आवळल्या ओठांनी म्हणाली, "लोकरीत काय घातलंस?"

"बहुतेक... साखर."

आई नऊ दिवसांत रडली नव्हती. तिनं खोलीभर पाहिलं. चाळीस चंबू, चाळीस मिटलेले डोळे.

"अगंबाई! सगळेच सेनोबियो!" ती हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग जे रडू लागली ते थांबेचना.

सगळे गेल्यावर मी त्या डब्याचा तळ चाटला. ओठांचा चंबू झाला. एक डोळा मिटला.

"हीच," मी म्हणालो.

"बरं" कुणी म्हणालं नाही.

सबब मेहेरबान नगराध्यक्षांस विनंती, की मयत सेनोबियो यांस दोन डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापुरते, अर्ध्या तासासाठी घरी सोडण्याचे करावे. वेळ उरल्यास चार बोटं किनारही बाकी आहे. डबे अर्जासोबत जोडले आहेत. कोणता कशाचा, ते त्यांनाच विचारावे.