पत्र्याखालची गिटार

खरं तर मी फक्त पलंग हलवायचं ठरवलं होतं.

फिजीतल्या सुवा शहरात आमचं वसतिगृह आहे, तिथे मुली वरच्या मजल्यावर आणि मुलगे खालच्या. माझी खोली समुद्राच्या बाजूला आहे. दुपारी जेवणघरातला उकडलेला कसाव्याचा कंद आणि डब्यातली मासळी पोटात गेली की मेंदू हळूहळू विरघळायला लागतो. अशा एका दुपारी मला वाटलं, पलंग भिंतीशी कशाला? खिडकीशी हवा. मग मी आणि माझी खोलीसोबतीण लितिया, दोघींनी मिळून तो ओढला. (म्हणजे लितियाने ओढला. मी दिशा दाखवली.)

मी आडवी झाले. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतून लांबवर प्रवाळाची पांढरी रेघ दिसत होती, जणू कुणीतरी समुद्राला किनार लावून दिलीय. चाफ्याचा वास येत होता. आणि तेवढ्यात खालून गिटार वाजायला लागली.

खाली मुलांचा व्हरांडा आहे आणि त्यावर पत्रा. वाजवणारा दिसत नव्हता. सूर तेवढे पत्र्याखालून निघून, जरा भिजल्यासारखे होऊन वर यायचे. त्या सुरात काय होतं कोण जाणे, माझं अंग हलकं झालं, पलंग होडीसारखा डुलायला लागला आणि मी चक्क तरंगत निघाले. जाग आली तेव्हा चारचा वर्ग संपला होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सूर यायचा, होडी सुटायची. त्याला प्रेम म्हणतात हे ओळखायला मला फार वेळ लागला नाही. (मी हुशार आहे. सगळे म्हणतात. निदान मी तरी म्हणते.)

"मग खाली जाऊन बघ ना कोण आहे तो," लितिया म्हणाली. ती इथलीच, फिजीची. तिला सगळंच सोपं वाटतं.

"खाली कशी जाऊ? खाली सेमिसी राहतो."

"कोण सेमिसी?"

"माझा भाऊ."

सेमिसी माझ्या बाबांच्या चुलतभावाचा मुलगा. पण आम्हा टोंगाच्या लोकांत सख्खा-चुलत असला हिशेब नसतो, सगळे भाऊच. आणि भाऊ-बहीण मोठी झाली की एका छपराखाली बसत नाहीत, एकत्र जेवत नाहीत, एकमेकांसमोर हसणं-खिदळणं तर नाहीच नाही. तो आला की मी उठायचं, मी आले की त्याने. तो वावाउ बेटावरचा, मी राजधानीची, नुकुआलोफाची, त्यामुळे घरी असताना फारसा प्रश्न नव्हता. इथे मात्र नशिबाने दोघांना एकाच इमारतीत टाकलं. तो खाली कुठेतरी राहतो एवढंच मला ठाऊक होतं. नेमकं कुठे, ते बघायला मी कधी खाली डोकावले नाही.

"पण तूच तर त्या वादविवाद स्पर्धेत केवढी ओरडत होतीस!" लितियाने कमरेवर हात ठेवले. "म्हाताऱ्यांच्या सगळ्या रीती संग्रहालयात नेऊन काचेमागे ठेवा म्हणून. बक्षीसही घेतलंस."

"ते तत्त्व होतं. तत्त्वाचा आणि जिन्याचा काय संबंध?"

"बरं, मी बघून येते."

"खबरदार! स्वप्न माझं आहे. तू त्याचं नाक आखूड आहे म्हणून सांगशील आणि सगळी मजा घालवशील."

कारण एव्हाना मी त्याला नाक दिलं होतं. खांदे दिले होते. तो रारोटोंगा बेटावरचा होता, कमी बोलायचा आणि त्याला मोठी माणसं अजिबात आवडत नव्हती, अगदी माझ्यासारखंच.

मग मी टोपली सोडायला सुरुवात केली. नारळाच्या पातीची टोपली, तिला दोरी आणि आत बशीत केळ्याचा केक. (केक लितियाचा. मी एकदा करून पाहिला होता, तो अजून दार अडवायला वापरतो.) टोपली पत्र्याच्या कडेवरून खाली जायची. गिटार थांबायची. जरा वेळाने दोरीला हिसका बसायचा. वर ओढावी तर बशी स्वच्छ धुतलेली आणि तिच्यात कधी एक शिंपला, कधी हिरवी कैरी. हाक मारायची माझी छाती नव्हती, न जाणो सेमिसीने ऐकलं तर? पण तोही कधी हाक मारत नव्हता. केवढं हे समजूतदार मौन, मला वाटायचं. पुन्हा गिटार सुरू व्हायची आणि शिंपला मुठीत धरून मी तरंगत निघायचे.

वसतिगृहाचा नाच शुक्रवारी संध्याकाळी होता. गुरुवारी मी चाफ्याचा हार ओवला, मध्यभागी लालभडक जास्वंद लावली आणि टोपलीतून खाली सोडला. टोपली वर आली तेव्हा रिकामी होती. म्हणजे हार ठेवून घेतला होता. उद्या तो हार ज्याच्या गळ्यात असेल, तोच.

शुक्रवारी सकाळी बाबांचा फोन आला. "फुसी, आत्या सुवाला निघालीय. डोळे दाखवायचेत तिला. तुझ्याकडे उतरेल."

"बाबा, इथे पाहुणे ठेवता येत नाहीत. नियम आहे."

"मग तू सांग तिला," असं म्हणून बाबांनी फोन ठेवला.

आमच्यात बापाची बहीण म्हणजे बापाहून मोठी. तिने मागितलं ते द्यायचं, ती म्हणेल ते करायचं. ही रीत तर मी संग्रहालयाच्या सर्वांत लांबच्या दालनात ठेवणार आहे. तूर्त मी आत्यांची वळकटी जिन्यावरून वर चढवली.

वॉर्डनबाई नियम सांगायला आल्या. आत्यांनी त्यांना बसवलं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि एक विणलेली चटई हातात ठेवली. बाई गेल्या त्या चटई काखोटीला मारून, नियम इथेच विसरून.

"हा पलंग कुणाचा?" आत्यांनी विचारलं.

"माझा."

"छान आहे," म्हणत त्या खिडकीशी आडव्या झाल्या. मी माझी चादर उचलून जमिनीवर आले. तेवढ्यात खालून गिटार वाजायला लागली. मला आत्यांचा चेहरा बघायचा होता, एवढ्या अलौकिक सुराने काय होतं ते. काय होणार? दुसऱ्या ओळीला आत्या घोरायला लागल्या. मला संताप आला. या पिढीला कशाची म्हणून कदर नाही.

संध्याकाळी मी केसांना खोबरेल लावलं, कानात शिंपल्यांचे डूल घातले. आत्या आधीच तयार होऊन पंखा घेऊन दारात उभ्या.

"तुम्ही कुठे?"

"नाचाला. पोरी नाचतात तिथे एक तरी मोठं माणूस हवं."

"आत्या, तिथे सगळी तरुण मुलं असतात."

"म्हणूनच," आत्या म्हणाल्या.

त्यांना सभागृहाच्या ऐन मध्यभागी खुर्ची मिळाली. (मागितली नव्हती. त्या जिथे उभ्या राहिल्या तिथे खुर्ची आली.) छताला रंगीत दिवे लावले होते, दारं सताड उघडी होती आणि वारा समुद्राचा वास आत आणून ठेवत होता. सगळं जरासं धूसर, पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मी दाराकडे बघत उभी राहिले.

आणि तो आला. आधी जास्वंद दिसली, मग भोवतीचा चाफा. माझी नजर हारावरून हळूहळू वर चढू लागली. खांदे बरोबर होते. मान ठीक होती. नाक...

नाक सेमिसीचं होतं.

माझ्या डोक्याला काही कळायच्या आत पायांना कळलं. मी वळले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. त्यानेही मला पाहिलं असणार, तोही वळून पुढच्या दाराने बाहेर. मी सभागृहाला वळसा घालून पळाले, तोही घालून पळाला, आणि पाण्याच्या टाकीपाशी आम्ही समोरासमोर आलो. दोघांनी माना खाली घातल्या, दोघे माघारी फिरलो, मी मागच्या दाराने आत, तो पुढच्या दाराने आत, आणि पुन्हा समोरासमोर. पुन्हा बाहेर. पुन्हा टाकी.

तिसऱ्या वेळी आत आलो तेव्हा लोक ठेका धरून टाळ्या वाजवत होते.

"हा टोंगाचा नाच आहे," माझ्या मागे कुणीतरी जाणकार समजावत होता. "नायक-नायिकेची भेट कधीच होत नाही."

"बस्स!" आत्यांनी पंखा मिटला. संगीत थांबलं. "सेमिसी, बाळा, तू बाहेर थांब. फुसी, तू इकडे ये."

सेमिसी बाहेर गेला. मी आत्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"त्याच्या गळ्यातला हार कुणी केला?"

लितियाने माझ्याकडे पाहिलं. पळून जायला आता एकही दार उरलं नव्हतं. आता बेटावर बातमी जाणार, बाबा मला पुढच्या बोटीने परत बोलावणार, शिक्षण संपणार.

"मी," मी म्हटलं.

"आणि रोज केक कोण पाठवतं? तो दुपारी मला जिन्याखाली भेटला, म्हणाला, वरून कुणीतरी टोपली सोडतं. वर बहीण राहते म्हणून बिचाऱ्याने कधी मान वर केली नाही."

"मीच," मी म्हटलं.

आत्यांचे डोळे भरून आले. (तपासायला आणलेले डोळे!) त्यांनी साऱ्या सभागृहाकडे वळून जाहीर केलं, "बघा! म्हणे आजकालच्या पोरी रीत विसरल्या. ही पोरगी रोज भावाला घास पाठवते, आणि नजर वर नाही की खाली नाही. बोलली का कधी? मिरवली का? अशी बहीण साऱ्या टोंगात नाही!"

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळच्या जरा जास्तच लागल्या.

"पण आत्या," खोलीत परतल्यावर मी दबक्या आवाजात विचारलं, "ते सूर... ते ऐकून मला तरंगल्यासारखं व्हायचं. ते काय होतं?"

"अगं, माझ्या आजोबांनी बसवलेलं अंगाईगीत ते! आमच्या घरातलं एकूण एक पोर त्यावर झोपलंय. तुझा बाप तर दोन ओळी टिकत नसे. तुझ्या पाळण्याशी मीच तर गायचे. सेमिसीला घरची आठवण आली की तो ते वाजवतो."

ज्याला मी आयुष्यातलं पहिलं प्रेम समजत होते, ती झोप होती.

बातमी बेटावर गेलीच. बाबांनी फोनवर माझं कौतुक केलं. रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी माझं नाव घेतलं म्हणे. वादविवाद मंडळाने पुढच्या स्पर्धेसाठी मला 'परंपरेच्या बाजूने' बोलशील का, असं विचारलं. आणि सेमिसीने लितियाला जेवणघराबाहेर गाठून फक्त एकच प्रश्न केला, "केक तुझा ना? चर्चच्या स्टॉलवर हाच खाल्ला होता. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं होतं."

"पण वाजवणं चालू राहील ना?" मी आत्यांना विचारलं होतं.

"राहील की. बहीण वर, भाऊ खाली, मध्ये पत्रा. अगदी रीतीला धरून आहे."

आता टोपली रोज जाते. केक लितियाचा, निरोप लितियाचा, येणारा शिंपलाही लितियाचा. दोरी मात्र मी धरते, कारण गाठ मला चांगली जमते. डोळे मिटून धरते.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा नाच होता. लितिया माझे डूल घालून सेमिसीबरोबर गेली. भाऊ तिथे, म्हणून मी इथे. आत्यांचे डोळे अजून तपासून झालेले नाहीत (डॉक्टर म्हणतात झाले, आत्या म्हणतात नाही), त्यामुळे त्या पलंगावर, मी जमिनीवर. काचेच्या पट्ट्यांपलीकडे सभागृहाचे दिवे पाण्यावर हलत होते.

"फुसी," आत्या म्हणाल्या, "लितिया सांगत होती, तू एक भाषण केलंस म्हणे. रीती काचेमागे ठेवायच्या असं काहीतरी. मग पोरी, ते सगळे तिकडे मोकळ्यावर नाचतायत, आणि आत्ता काचेमागे कोण बसलंय?"

याला सडेतोड उत्तर होतं माझ्याकडे. मुद्देसूद, तीन भागांत. पण आत्या माझ्याकडे बघत तो अंगाईचा सूर गुणगुणायला लागल्या होत्या. मी ताठ बसले, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तोंड उघडलं.

जांभई आली.