नयनाचं एकवीस दिवसांचं व्रत

"तीन आठवडे द्या मला! पोरगी वेताच्या छडीसारखी करून दाखवते!"

अरुणाबाईंनी लाटणं उगारून हे जाहीर केलं, तेव्हा रमाकांतराव वर्तमानपत्रामागे आणखी खाली सरकले.

तो १९७८चा जानेवारी. रमाकांतराव लखनऊला एका संशोधन संस्थेत होते, आणि कॉलनीत मराठी घर एवढं एकच. चौदा वर्षांच्या नयनाला शाळेच्या परेडमध्ये जायचं होतं, पण गणवेशाचा पांढरा पट्टा तिच्या कमरेला चार बोटं कमी पडत होता. परेड शिकवणाऱ्या माथुर बहनजींनी बजावलं होतं, पट्टा लागला तरच सव्वीस तारखेला छावणीच्या मैदानावर, नाहीतर घरी बसा! नयना रडली, आणि रडता रडता दोन समोसे जास्त खाऊन बसली.

"मम्मी, मुझे जाना है! कुछ भी खिलाओ... मतलब, कुछ भी मत खिलाओ!"

घरात उकडलेला दुधी आणि ताक सुरू झालं. पण शेजारचं काय? लखनऊत कुणाच्या घरातून पोर न खाता बाहेर पडणं म्हणजे त्या घराची बेइज्जती! आणि पोरगी जाड आहे असं गावभर कसं सांगणार? उद्या लग्न जमवायचंय! म्हणून अरुणाबाईंनी सक्सेना भाभींना भिंतीवरून सांगून टाकलं, "नयना का व्रत है. इक्कीस दिन का."

"हाय राम, इत्ती सी बच्ची! किसलिए?"

"वो... घर की शांति के लिए," अरुणाबाईंच्या तोंडून निसटलं.

झालं! त्या दिवसापासून कॉलनीतल्या बायका रमाकांतरावांकडे फरार गुन्हेगाराकडे बघावं तसं बघू लागल्या.

संध्याकाळी सक्सेना भाभी हजर. उपासाला चालणाऱ्या कुट्टूच्या पिठाच्या पकोड्या, वर तुपात पोहणारा शिंगाड्याचा हलवा. पाठोपाठ रिझवी बेगम मखाण्यांची खीर घेऊन आल्या. "बच्ची के लिए नया भगोना मँगवाया है, बिल्कुल अलग!" आता अशा माणसांना नाही म्हणायला जीभ कशी वळावी? शिवाय भांडं रिकामं परत करायचं नाही. मग अरुणाबाई तुपावर बटाटे परतायच्या, भांडी भरून पाठवायच्या, आणि ती दुप्पट भरून परत यायची.

"नयना, पुरे!"

"मम्मी, फलाहार को ना नहीं बोलते, पाप लगता है!" नयना भरल्या तोंडाने म्हणायची.

दोन आठवड्यांनी पट्टा लावून पाहिला. चार बोटांचं अंतर आता अख्खा पंजा झालं होतं! अरुणाबाई धावत भिंतीपाशी गेल्या.

"भाभी, हम व्रत छोड़ रहे हैं."

"अधूरा? ना बहन! फिर तो भाईसाहब कभी नहीं सुधरेंगे!"

"अगं, पण मी केलंय काय?" रमाकांतरावांनी आतून विचारलं.

"गप्प बसा! सातच दिवस राहिलेत!"

शेवटच्या तालमीला अरुणाबाई स्वतः शाळेत गेल्या. माथुर बहनजींनी श्वास रोखून पट्टा खेचला. टप्पकन बक्कल उडालं ते थेट बहनजींच्या चष्म्यावर! नयनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. बँडमधली काडीसारखी बेबी मोठ्या ड्रमसकट आडवी झाली होती. गेल्या दोन दिवसांत तिसऱ्यांदा! नयनाने नाक पुसलं, ड्रम उचलला आणि पुऱ्यांची परात धरावी तसा सहज पोटावर घेतला.

बहनजी बघतच राहिल्या. "वाह! तुम बजाओगी!"

"और पट्टा?" अरुणाबाईंनी विचारलं.

"ड्रम के पीछे किसे दिखेगा!"

सव्वीस तारखेला नयना बँडच्या पहिल्या रांगेत. धम्म! धम्म! धम्म! मैदान हादरलं. सक्सेना भाभी पदराने डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या, "देखा? व्रत का फल!" अरुणाबाईंनीही, खोटं कशाला सांगू, मान जरा ताठच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सक्सेना भाभींसह चार शेजारणी, प्रत्येकीच्या हाताशी एकेक गुबगुबीत मुलगी.

"अरुणा बहन, हमारी बच्चियाँ भी आज से बैठ रही हैं. पूरे इक्कीस दिन! और फलाहार तो आपके ही हाथ का चलेगा!"

अरुणाबाईंचा चेहरा उकडलेल्या दुधीसारखा झाला. रमाकांतराव मात्र तीन आठवड्यांत पहिल्यांदाच शेजारणींसमोर मान वर करून आले. पायांत चपला, हातात मोठी पिशवी.

"अरुणा," ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बटाटे किती किलो आणू?"