वय वर्षे साठ पूर्ण

सोमवारी अकरापर्यंत पहिलीच्या वर्गात तीस मुलं दिसली नाहीत, तर वर्ग बंद होणार होता. शिक्षण मंडळाचे साहेब स्वतः डोकी मोजायला येणार होते आणि शिवाजी पेठेतल्या त्या शाळेच्या पटावर नावं होती अकरा. हेडमास्तर गणपतरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

पेठेतले दोघे आपणहून मदतीला आले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या दिलदारनं रविवारी सकाळी शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पहिलीत प्रवेश सुरू. वय वर्षे ६ पूर्ण.' सहाच्या पुढं जागा मोकळी दिसली, म्हणून तिथं झेंडूचं फूल काढायला घेतलं. गोल काढला आणि पाकळ्या मागनं भरू म्हणून तो जेवायला गेला.

तेवढ्यात टांग्यावर स्पीकर बांधून जोतीराम आला. कुस्त्यांची दवंडी देऊन त्याचा आवाज तयार होता. भिंतीवरचा मजकूर त्यानं कागदावर उतरून घेतला आणि दिवेलागणीपर्यंत पेठ पालथी घातली.

सोमवारी दहाला गणपतरावांनी फाटक उघडलं, तर बाहेर पंचवीसेक म्हाताऱ्या उभ्या होत्या. सगळ्यात पुढं चाँदबी. नाव लिहून घ्या, म्हणाली.

गणपतरावांनी हात जोडून समजावलं. चाँदबी जागची हलली नाही. "स्पीकरवर साठ म्हणून सांगिटलंय की. मला एकसष्ट हाय. आता न्हाय कसं म्हणता?"

जोतीरामला बोलावलं. भिंतीवर होतं तेच वाचलं, असं तो शपथेवर सांगू लागला. सरकारचं प्रौढ शिक्षण आलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

"आरं, शून्य न्हवं, फूल हाय ते," मागोमाग आलेला दिलदार कसाबसा म्हणाला.

कोपऱ्यावर साहेबांची जीप वळली. गणपतरावांनी फाटकाचा गज धरला. दिलदार घाबरून इकडंतिकडं बघत होता आणि बघता बघता त्याची नजर खाली गेली. प्रत्येक पदराला एखादं पोर लोंबत होतं.

"चाची, ही केवढी?"

"मदिना? सहा सरली. घरात बघाय कोण न्हाय, म्हणून आणली."

पुढची पाच मिनिटं गणपतरावांनी आयुष्यात लिहिलं नसेल इतक्या वेगानं लिहिलं. साहेब वर्गात आले तेव्हा पोरं दाटीवाटीनं बसली होती. त्यांनी दोनदा मोजलं. एकतीस. मग त्यांचं बोट शेवटच्या रांगेवर थांबलं.

"या कोण?"

मदिनानं पदर सोडला नव्हता, म्हणून चाँदबीही मांडी घालून बसली होती.

"माझं बी नाव घाला, सायेब," चाँदबी म्हणाली. "पोरगी एकटी बसत न्हाय."

साहेबांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा मदिनाच्या मुठीतल्या पदराकडं बघितलं. मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'पालकांची उपस्थिती समाधानकारक.'

वर्ग टिकला. चाँदबी रोज येत राहिली. सहामाहीला तिला नातीपेक्षा दोन गुण जास्त पडले आणि मदिना चार दिवस तिच्याशी बोलली नाही.