तीन ब्राउझर आणि एकटा शालिग्राम

शालिग्रामचं लग्न जुळेना म्हणून वामनरावांनी कॉम्प्युटर घेतला. त्याला आता महिना होत आला, तरी शालिग्रामचं नाव लग्न जुळवणाऱ्या साइटवर गेलेलं नव्हतं, कारण ते कोणत्या ब्राउझरमधून घालायचं हेच ठरत नव्हतं.

देऊळघाटात वामनरावांची पारखी म्हणून ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती. बैल घ्यायचा तर ते सगळे बाजार हिंडत, बैलाचे दात पाहत, शेपटी पिरगळत, आणि शेवटी इतका उशीर करत की पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकावी लागे. मग ते समाधानाने म्हणत, "फसलो तर नाही ना!" न घेतलेल्या बैलाने माणूस फसत नाही, एवढंच त्यांचं शहाणपण. आता त्याची झळ पोराला लागत होती. शालिग्राम बत्तीस वर्षांचा, बारावी झालेला, मिरची-वांग्यांच्या रोपांची रोपवाटिका चालवणारा सरळ माणूस. पण नोकरी नाही म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठत. कॉम्प्युटर आल्यापासून तर ओळखीतल्या दोन मुली बघता बघता दुसरीकडे उजवल्या गेल्या.

कॉम्प्युटर ओसरीवर मांडला होता. घरातला धड चालणारा प्लग तेवढा एकच, तो कॉम्प्युटरने बळकावला. वामनरावांच्या पत्नी मनकर्णाबाई यांचा मिक्सर फळीवर गेला आणि त्या पुन्हा पाट्यावर चटणी वाटू लागल्या.

"अवो, घाला ना त्याचं नाव एकदाचं," त्या रोज म्हणत.

"घालतो न! पन ब्राउझर पाहू देशीन का नाही? रोजच्या वापराची चीज हाय ते. उचलला अन् लावला असं जमते का?"

इंटरनेट ज्या खिडकीतून बघायचं ती खिडकी म्हणजे ब्राउझर. तो फुकट मिळतो, आणि नाही आवडला तर बदलता येतो. पण फुकटच्या वस्तूतही घासाघीस केली नाही तर ते वामनराव कसले? त्यांनी तीन ब्राउझर उतरवून घेतले होते. नावं लक्षात राहत नव्हती, म्हणून घरात त्यांना चित्रांवरून ओळखत: निळी ई, रंगीत चकती आणि कोल्हा.

निळ्या ईच्या बाजूने होते मनकर्णाबाईंचे भाऊ उकंडराव. कचेरीत कारकुनी करून ते घरी बसले होते आणि घरी बसूनही कचेरीतच असल्यासारखे बोलत. "भाऊजी, सायबाच्या टेबलावर हेच राहे. सायेब काय पागल होता?"

चकतीच्या बाजूने पुतण्या निवृत्ती. स्टँडवर त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान, म्हणजे गावापुरता तो शास्त्रज्ञच. "काका, सारी दुनिया चकती वापरून राह्यली."

"साऱ्या दुनियेनं सोयाबीन पेरलं, मंग भावाचं काय झालं बे?" उकंडराव म्हणाले.

कोल्ह्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. ज्या जनावराने आपल्या मक्याची कणसं फस्त केली, त्याला घरात घ्यायचं नाही. हे एकमत पाहिलं आणि वामनरावांनी कोल्ह्याची बाजू धरली. बाजारात दलाल ज्या बैलाची नालस्ती करतात तो त्यांना स्वतःला हवा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी तिघांचीही कसून परीक्षा घेतली. तिघांनाही 'देऊळघाट' एवढाच शब्द घातला. तिन्हींनी तंतोतंत एकच माहिती दाखवली, तेव्हा तर त्यांचा संशय बळावला.

"हे तिघं आतून मिळाले हायेत," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी तोडगा काढला: पट लावायचा. शंकरपटात जशी एकेक बैलजोडी घड्याळ लावून पळवतात, तसे तिन्ही ब्राउझर पळवायचे. साइटवरचा अर्ज ज्याच्यात लवकर भरून 'अभिनंदन' येईल, तो घरात राहील, आणि मग खरा अर्ज त्याच्यातूनच निवांत भरायचा. हा नुसता सराव. सराव म्हटल्यावर खरं लिहिण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

एक मोबाइल नंबर एकदाच चालत होता, म्हणून प्रत्येकाने आपापला नंबर दिला. फोटो तेवढा एकच, शालिग्रामचा, फेटा बांधलेला. उकंडरावांनी निळ्या ईमधून भाच्याला बी.ए. केलं आणि सरकारी नोकरीत चिकटवून टाकलं. निवृत्तीने चकतीमधून त्याचं नाव 'शाम' ठेवलं, वय पाच वर्षांनी उतरवलं आणि त्याला कारखानदार केलं. वामनरावांनी कोल्ह्यामधून 'शालिग्रामराव' लिहिलं आणि आपल्या चार एकरांत सगळ्या चुलतभावांची जमीन विहिरींसकट ओढून घेतली. तिन्ही वेळा पडद्यावर 'अभिनंदन' आलं. पण स्वतःच्या पाळीला वामनराव घड्याळ बघायचं विसरले, त्यावरून भांडण जुंपलं, निकाल लागलाच नाही, आणि पट पुन्हा रविवारी ठरला. सरावाचे अर्जही खऱ्या अर्जांसारखेच साइटवर जाऊन बसले आहेत, हे या तिघा विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

रविवारच्या आधीच उकंडराव धावत आले. "भाऊजी, जितलो! निळ्या ईनं स्थळ आनलं! डोणगावचे मोतीराम म्हणून हायेत, आताच फोन आलता."

त्यांच्या पाठोपाठ निवृत्ती पोचला. "काका, चकतीनं काम केलं! डोणगावचे मोतीराम—"

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच वामनरावांचा फोन वाजला.

"रामराम जी, मी डोणगावहून मोतीराम. तुमच्या घरचे तिन्ही पोरं पाह्यले कॉम्प्युटरवर. तोंडवळा एकच दिसते. तिळे हायेत का?"

वामनरावांना घाम फुटला. पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही बाजाराची सवय. "या तर खरं," ते म्हणाले.

"येतो परवा. तिघायले बी घरी ठेवा. मी एकदम हो म्हणत नसतो. ताडून पाहतो."

फोन ठेवला तेव्हा अंगाला घाम असूनही वामनरावांच्या चेहऱ्यावर आदर होता. "मानूस समजदार हाय," ते म्हणाले.

"आता तरी फोन करून खरं सांगा," मनकर्णाबाई कळवळून म्हणाल्या. "हे बी स्थळ जाईन, पोराचं हसं होईन."

"आपण पोराकडचे. आपण होऊन फोन करावा?"

उलट असं ठरलं की एक शालिग्राम घरी आहे आणि दोघं बाहेरगावी गेलेत असं सांगायचं. मग घरी कोणता ठेवायचा यावर पुन्हा तुलना सुरू झाली. उकंडरावांनी खिशाला लावायला पेनं आणि बगलेत धरायला फाइल आणली. निवृत्तीने काळा चष्मा आणला. वामनरावांनी चुलतभावाची अंगठी मागून आणली. संध्याकाळी शालिग्राम रोपवाटिकेतून आला, त्याने ओसरीवरची ही जत्रा पाहिली, आणि तो थेट चुलीपाशी जाऊन बसला.

"माय, म्या परवा कोन होऊ?" त्याने विचारलं. तो हसून विचारत होता, पण त्याला जेवण गेलं नाही.

ठरल्या दिवशी मोतीराम आले, आणि त्यांच्यामागून गाडीतून त्यांची मुलगी रेणुका उतरली. मुलीने मुलाचं घर बघायला यायचं ही गोष्ट देऊळघाटाला नवी होती. वामनराव गडबडले.

"तीन पोरं हायेत न," मोतीराम म्हणाले. "मायी एकट्याची पारख पुरत नाही. अन् रोजचं राहायचं तिले हाय."

"त्याचं असं हाय," वामनरावांनी सुरुवात केली, "की आज दोघं बाहेरगावी—"

"सरकारीवाला घरी हाय," उकंडराव घाईने म्हणाले.

"मामा, कारखान्यावाला घरी हाय," निवृत्ती म्हणाला.

"चूप बसा! बागायतीवाला घरी हाय!" वामनराव ओरडले.

पाहुण्यांसमोर तिघंही हातवारे करू लागले. इतक्यात शालिग्राम पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला. पेनं नव्हती, चष्मा नव्हता, अंगठी नव्हती, आणि नखांत रोपवाटिकेची माती होती. त्याने तबक खाली ठेवलं.

"तिन्ही मीच हाओ जी," तो मोतीरामांना म्हणाला. "अन् तिन्ही खोटे हायेत. मी बारावी झालेलो. चार एकर वावर हाय, मिरचीचे रोपं विकतो. बत्तीस सरले. नोकरी नाही, अन् लागन असं बी नाही. तुमाले एवढ्या दूर आणलं, माफ करा."

भर बाजारात स्वतःच्या बैलाची खोड सांगणाऱ्याकडे बघावं, तसे वामनराव पोराकडे बघत राहिले.

मोतीरामांनी मात्र मान डोलावली. "म्हणजे आता चार झाले," ते गंभीरपणे म्हणाले. "हा चौथा बी धरा लागीन. घरी जाऊन चौघं ताडून पाहतो अन् दिवाळीपर्यंत कळवतो."

दाराआडून मनकर्णाबाईंनी हे ऐकलं आणि त्यांची आशा मावळली. ताडून पाहणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी उभा जन्म काढला होता. त्याचं 'कळवतो' म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"बाबा, मी ताडाले आलीच नाही," रेणुका म्हणाली.

"मंग कायले आली?"

"मी यायले ओळखते." तिने शालिग्रामकडे बोट केलं. "पारसाली मामाच्या वावरासाठी चिखलीच्या बाजारात मिरचीचं रोप घ्याले गेलती. यायच्यापाशी ढीगभर रोप होतं, पन मले देलं नाही. म्हणे, ताई, हे रोप जून झालं, लावसान तर फसान. अन् स्वतः उठून मले दुसऱ्याच्या गाडीवर घेऊन गेले. मंग मोबाइलात यायचा फोटो दिसला, तीनदा, अन् तिन्ही वेळा थापा. मले पाहायचं होतं, हे यायनं लिवलं का दुसऱ्यानं. ते पाह्यलं." ती शालिग्रामकडे वळली. "माह्याकडून हो हाय. फक्त आता ताई म्हणू नका."

शालिग्राम कानापर्यंत लाल झाला. मनकर्णाबाई दाराआडून बाहेर आल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. चारचौघांत पुसायचे नसतात, हेही त्या विसरल्या.

आनंदाने ओसरी गजबजायला हवी होती, पण तसं काही झालं नाही. उकंडरावांनी खाकरून विचारलं, "पोरी, एवढं सांग. तुले फोटो पहिल्यांदा दिसला तो निळ्या ईतला का?"

"का चकतीतला?" निवृत्तीने विचारलं.

"कोल्ह्यातलाच असन," वामनराव म्हणाले.

"म्या मोबाइलात पाह्यला. त्यात कोनतं हाय, म्या पाह्यलं नाही."

तिघांचीही तोंडं उतरली. इतकी बेफिकीर सून घरात येणार म्हणून वामनरावांना काळजीच वाटली. पण मोतीरामांनी खुर्ची पुढे ओढली. "तीन राहतात का?" ते म्हणाले. "मले तर मालूमच नव्हतं. कोनते कोनते, सांगा बरं. घरी पोरीनं एकच लावून देला."

वामनरावांचा चेहरा खुलला. जन्मात पहिल्यांदा त्यांना त्यांच्या तोलाचा माणूस भेटला होता. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, चौघंही पडद्याला डोकं लावून बसले, आणि कोल्ह्याने मका खाल्ल्यापासून सगळी हकिकत नव्याने सुरू झाली.

मनकर्णाबाई उठल्या. पाहुण्यांना जेवू घालायचं होतं, खोबरं-लसूण वाटायचा होता. त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपटला, तिथे मिक्सरचा लावला आणि बटण दाबलं. ई, चकती आणि कोल्हा एकदमच विझले.

"मंग पक्कं कोनतं समजायचं?" मोतीराम ओरडून विचारत होते, पण मिक्सरपुढे ते कोणालाच ऐकू गेलं नाही. शालिग्राम रेणुकाला रोपवाटिका दाखवायला घेऊन गेला होता, तेही दोन्ही बापांच्या लक्षात आलं नाही.