बाल्त्सेर काडुफचा सुटा पट्टा

बाल्त्सेर काडुफच्या तपासणीतून एकतीस हिवाळ्यांत एकही चूक निसटली नव्हती. हे बाल्त्सेर स्वतःच सांगायचा, रोज सांगायचा, आणि चीजच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्यांना तर ऐकण्यावाचून इलाजच नसायचा!

दर रविवारी आमच्या गावचं गिर्यारोहक मंडळ बर्फातल्या वाटेला लागलं की जंगलाच्या तोंडाशी, जुन्या गवताच्या कोठाराजवळ, बाल्त्सेर पाय रोवून उभा राहायचा. प्रत्येकाच्या छातीवरचं शोधयंत्र, पिशवीतलं फावडं, बर्फात टोचून गाडलेला माणूस शोधायची दुमडीची लांब सळई, सगळं तो पाहणार. त्याने मान हलवली तर पुढे जायचं, नाहीतर घरी. एकदा त्याने पाद्रीबाबांना घरी पाठवलं होतं, प्लास्टिकचं फावडं आणलं म्हणून!

पण त्या रविवारी त्याला एकाच माणसाला घरी पाठवायचं होतं. सेव्हेरिनला.

सेव्हेरिन फ्राय हा झुरिकचा. म्हणजे खालचा, सपाटीवरचा, सरोवराकाठी ट्राममधून कामाला जाणारा. त्याचं आणि लादीनाचं, म्हणजे बाल्त्सेरच्या एकुलत्या लेकीचं, जूनमध्ये लग्न करायचं ठरत होतं. "ठरत होतं" म्हणायचं कारण, बाल्त्सेर त्या विषयावर दोन वर्षं खोकत होता. त्या दोन वर्षांत दोघं एकमेकांना "हेर काडुफ, तुम्ही" आणि "तुम्ही, हेर फ्राय" असंच, म्हणजे "हेर" हे श्रीयुत लावून, म्हणत आले होते, जणू टपाल कचेरीच्या खिडकीशी उभे आहेत.

आता आमच्याकडे एक रीत आहे. दोन हजार मीटरच्या वर सगळे एकेरीवर येतात. डॉक्टर असो, न्यायाधीश असो, वर तो "तू"च. परका असेल तर खाली उतरल्यावर पुन्हा "तुम्ही". पण घरात येऊ घातलेल्या माणसाशी वर एकदा हात मिळवून "तू" म्हटलं, की ते खालीही कायमचं. पिझ सुर्देल शिखराच्या वाटेवर दोन हजारांच्या खडकाला लाल रंग फासलेला आहे. सेव्हेरिन त्या खडकाशी पोचला की बाल्त्सेर अडकला!

"सामानात एक चूक," आदल्या दिवशी बाल्त्सेरने लेकीला बजावलं होतं, "एकच! आणि तो खाली."

"आणि चूक नसली तर?"

"झुरिकचा आहे तो, लादीना. चूक असणारच."

म्हणून सकाळी कोठाराशी बाल्त्सेरने सेव्हेरिनला असा तपासला, जसा सीमेवरचा शिपाई संशयिताला तपासतो. मंडळातले बाकीचे दुसऱ्या डोंगरावर गेले होते. बरोबर फक्त लादीना आणि बाल्त्सेरचा शाळासोबती तुमाश, जो गुरांचा डॉक्टर होता आणि माणसांची चेष्टा फुकट करायचा.

"यंत्र कुठंय?"

"जाकिटाच्या आत, अंगावरच्या पट्ट्यात बांधलेलं, हेर काडुफ."

"फोन?"

"बंद. पिशवीच्या तळाशी. यंत्रापासून लांब."

फावडं धातूचं होतं, पिशवीच्या आत होतं. सळई त्याने एका झटक्यात उलगडून ताठ केली. पाठीवर एअरबॅगची पिशवी, म्हणजे बर्फ कोसळला तर फुगून माणसाला वर तरंगत ठेवणारी, तिची कळ खांद्यावर बाहेर काढलेली, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा कमरेला नीट अडकवलेला. बाल्त्सेरचा चेहरा आंबट होत गेला.

"फारच पाठांतर केलंय जावईबापूंनी," तुमाश म्हणाला.

"जावई कोण?" बाल्त्सेर कडाडला.

मग यंत्रांची परीक्षा. या यंत्राचं काम सोपं असतं. त्याचं बटण एकतर "सांगतो"वर असतं, नाहीतर "ऐकतो"वर. चालताना प्रत्येकाचं "सांगतो"वर हवं, म्हणजे माणूस बर्फाखाली गेलाच तर ते आपला पत्ता सांगत राहतं. शोधणाऱ्याने आपलं "ऐकतो"वर करायचं. बाल्त्सेरने आपलं "ऐकतो"वर केलं आणि तिघांना एकेक करून समोरून चालायला लावलं. पीप, पीप, पीप! तिन्ही बोलली.

"हेर काडुफ," सेव्हेरिन अदबीने म्हणाला, "आता तुमचं तपासायचं ना?"

बाल्त्सेरने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"माझं?" बाल्त्सेर म्हणाला. "मा-झं?"

"बाबा, बरोबर आहे त्याचं," लादीना म्हणाली. "आणि तो पायातला पट्टा का लोंबतोय तुमचा?"

"तो लगाम घोड्याला लावतात! एकतीस हिवाळे मी या दारात उभा आहे, आणि आता ट्राममधला माणूस मला तपासणार?" बाल्त्सेरने यंत्र होतं तसंच छातीवर कोंबलं, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ताडताड पुढे निघाला.

बटण "ऐकतो"वरच राहिलं होतं. आणि साठाव्या वाढदिवसाला लेकीने हौसेने दिलेल्या एअरबॅगचा पट्टा त्याच्या मागे मांजराच्या शेपटीसारखा हलत होता.

दोन तास चढून झाले. लाल खडक समोर दिसायला लागला तसा बाल्त्सेरचा वेग वाढला. खडकाशी आपण आधी पोचावं, हात बगलेत घालून उभं राहावं, असा काहीसा त्याचा बेत होता. मध्ये ओढ्यावरचा उतार होता, छोटासा, रात्रीच्या वाऱ्याने बर्फ थापून ठेवलेला.

"बाल्त्सेर, तिकडून नको!" तुमाश ओरडला. "कडेकडेने ये!"

"मला शिकव तू!"

पायाखाली धप् असा आवाज झाला. उतारावर एक रेघ उमटली आणि सगळा उतार खाली निघाला.

बाल्त्सेरने कळ ओढली, एवढं मात्र त्याने बरोबर केलं. एअरबॅग फट्‌दिशी फुगली. पण ती माणसाला धरून ठेवायची कशाने? पट्टा सुटा! बर्फाने माणसाला खाली ओढलं, फुग्याने पिशवीला वर ओढलं, आणि पिशवी सदऱ्यासारखी त्याच्या डोक्यावरून निघून गेली. लाल फुगा डौलात बर्फावर तरंगत खाली जाऊन थांबला. त्याच्याखाली कोणीच नव्हतं.

बाल्त्सेर अंधारात होता. हात हलेना, पाय हलेना. तोंडापुढे ओंजळभर जागा. आणि छातीवर यंत्र वाजत होतं. पीप... पीप... पीप!

आले, पोरं जवळ आली, असं वाटून त्याला रडू फुटायचं बाकी होतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असला भयंकर प्रकाश त्याच्या डोक्यात आयुष्यात पडला नव्हता. यंत्र वाजतंय म्हणजे ते ऐकतंय! ऐकतंय म्हणजे ते सांगत नाहीये! वर कुणालाच आपला पत्ता लागणार नाही! एकतीस हिवाळे लोकांची बटणं पाहिली आणि आपलंच पाहिलं नाही!

वर लादीना यंत्र पुढे धरून धावत होती. "लागला! सिग्नल लागला! वीस मीटर... बारा... सहा..." आणि ती थेट तुमाशच्या पोटावर जाऊन आदळली.

"तुमाशकाका! तुमचं अजून 'सांगतो'वर आहे! फिरवा ते!"

"अरे देवा, फिरवतो, फिरवतो!" गुरांची हजार बाळंतपणं केलेल्या तुमाशला जाकिटाची चेन तिसऱ्या ओढीला उघडली.

त्याने बटण फिरवलं. वरच्या तिन्ही यंत्रांवर शांतता पसरली. आणि खाली बाल्त्सेरच्या छातीवरचं पीप थांबलं. त्या शांततेत त्याला मेंजा आठवली, त्याची बायको. सकाळी तिने अक्रोडाचा टार्ट बांधून दिला होता आणि तो न बोलता निघाला होता. घुश्शात. तो टार्टही आता फुग्याबरोबर गेला होता.

"काहीच येत नाही," लादीना म्हणाली. तिने यंत्र हलवून पाहिलं. "सेव्हेरिन, बाबांचं काहीच येत नाही!"

सेव्हेरिनने वरची रेघ पाहिली, खालचा फुगा पाहिला. मग म्हणाला, "त्यांचं 'ऐकतो'वर राहिलं असणार. यंत्रं विसरा. ते दिसेनासे झाले ती जागा ही, आणि फुगा तिथे. मधल्या रेषेत ते आहेत. सळया काढा! हातभर अंतराने टोचत चला!"

टोच, पाऊल. टोच, पाऊल. सात मिनिटं झाली. लादीना मोठ्याने रडत होती आणि टोचत होती. आठव्या मिनिटाला सेव्हेरिनची सळई कशाला तरी लागली, आणि ते दगडासारखं नव्हतं.

ती नेमकी कुठे लागली हे बाल्त्सेर आजही सांगत नाही. तुमाश सांगतो. पट्टा जिथून जायला हवा होता, बरोबर तिथे!

फावडी चालली. आधी टोपी दिसली, मग निळसर कान. सेव्हेरिनने हातांनीच तोंडावरचा बर्फ उपसला.

"बाल्त्सेर! ऐकू येतंय का तुला? श्वास घे! बाल्त्सेर, श्वास घे ना रे!"

बाल्त्सेरने बर्फ थुंकला. डोळे उघडले. लाल खडकाकडे पाहिलं.

"उंची किती?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

सेव्हेरिनने मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं. "एकोणीसशे साठ."

"मग हेर काडुफ."

"माफ करा, हेर काडुफ. कृपया श्वास घ्या."

लादीनाने बापाला मिठी मारली, आणि मिठीतच पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. "मेले असतात तुम्ही!" ती ओरडली. "समजतंय का? मेले असतात!"

सेव्हेरिनने त्याच्या जाकिटातून यंत्र काढलं. बटण पाहिलं. बाल्त्सेरनेही पाहिलं.

"कशावर होतं?" तुमाशने विचारलं.

"बर्फात आपटून फिरलं असेल," सेव्हेरिन शांतपणे म्हणाला आणि ते "सांगतो"वर करून परत त्याच्या छातीवर बांधलं.

खडकापर्यंत त्या दिवशी कोणीच गेलं नाही. उतरताना बाल्त्सेर सगळ्यांच्या मागे राहिला. त्याला लाज वाटत होती, भीतीपेक्षा जास्त. ज्याला घरी पाठवायचं होतं त्याने जीव वाचवला, आणि वर इज्जतही वाचवायला निघाला!

पुढच्या रविवारी कोठाराशी अख्खं मंडळ जमलं. बाल्त्सेर पुढे आला. पायांमधला पट्टा त्याने इतका आवळला होता की तो बदकासारखा चालत होता.

"ते बटण बर्फात फिरलं नव्हतं," तो मोठ्याने म्हणाला. "मी विसरलो होतो. आजपासून या दारात सेव्हेरिन उभा राहील. आणि सगळ्यांत आधी मी जाणार."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाल्त्सेर मान ताठ करून सेव्हेरिनच्या यंत्रासमोरून डुलत डुलत गेला.

पीप नाही. काहीच नाही.

"सकाळपासून चार वेळा घरी तपासलं मी!" बाल्त्सेर घाबरून म्हणाला. "मेंजाला तिचं यंत्र बांधलं आणि स्वयंपाकघरातून चालवलं! चारही वेळा माझ्या यंत्रात बरोबर ऐकू..."

तो थांबला. गर्दीत मेंजाने कपाळावर हात मारून घेतला.

"बाल्त्सेर," सेव्हेरिन म्हणाला, "तुझं 'ऐकतो'वर आहे."

कोठाराची उंची तेराशे दहा मीटर. मंडळातल्या सगळ्यांना ती पाठ आहे. सगळे बाल्त्सेरच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाल्त्सेरने जाकिटाची चेन उघडली, खाली मान घालून बटण फिरवलं, आणि चार पावलं मागे आला.

"बघ आता," तो म्हणाला. "परत जातो."